रिकेट्स ग्लेन: बावीस धबधबे आणि एका कर्नलची पायवाट

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट पार्कमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत, गाडी लावायलाही पडत नाहीत. पैसे पडतात ते राहायचे. आणि राहायची जागा हवी असेल तर अकरा महिने आधी बुकिंग उघडतं, त्या दिवशी सकाळीच कॉम्प्युटर उघडून बसावं लागतं. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला रिकेट्स ग्लेन या पार्कमधली केबिन आमच्या वाट्याला आली ती नवऱ्याने आदल्या नोव्हेंबरात ही तपश्चर्या केली म्हणून.

मधल्या काळात साताऱ्याहून अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय एकाहत्तर, पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनियर म्हणून निवृत्त, गुडघे शाबूत. मॉल, आउटलेट आणि मंदिर या तीन ठिकाणांना इतके विटले होते की "जंगलात चालायला जायचंय" म्हटल्यावर त्यांनी कुठलं जंगल हेही विचारलं नाही. सरळ बॅगेतून कॅनव्हासचे बूट काढले. ते मी परत बॅगेत ठेवायला लावले आणि दुकानात नेऊन घोट्यापर्यंत येणारे, खाली चांगली पकड असलेले बूट घेऊन दिले. रिकेट्स ग्लेनला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: बाकी काही विसरलात तरी चालेल, बुटांत काटकसर नको. तिथल्या वाटेवरचा दगड बारा महिने ओला असतो.

शनिवार

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही सकाळी सातला निघालो. २८७ नंबरच्या हायवेवरून ८० नंबरच्या हायवेला लागलं की डेलावेअर वॉटर गॅपपर्यंत रस्ता तोच तो. तिथे नदीवरच्या पुलावर पेनसिल्व्हेनियात जाताना टोल भरायचा, परत येताना नाही. न्यू जर्सीतून बाहेर पडायचेच लोक पैसे देतात, यायचे कोण देईल, हा इथला जुना विनोद नवऱ्याने अण्णांना ऐकवला. अण्णा हसले नाहीत. त्यांचं लक्ष गॅपकडे होतं. नदीने डोंगर आरपार कापलाय, दोन्ही बाजूंना खडकाचे तिरके थर उघडे पडलेत. "इथे धरण नाही बांधलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बांधणार होते. टॉक्स आयलंड नावाचं मोठं धरण याच नदीवर, थोडं वरच्या अंगाला होणार होतं. जमिनी घेतल्या, घरं उठवली, मग विरोध इतका झाला की १९७५ मध्ये प्रकल्पच बारगळला. आज तिथे राखीव क्षेत्र आहे. अण्णांनी मान हलवली. पुढची दहा मिनिटं गाडीत विस्थापितांच्या पुनर्वसनावर एक व्याख्यान झालं, त्यातलं बरंचसं कोयनेबद्दल होतं.

८० सोडून ४८७ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला वळलं की नकाशा बदलतो. ऑरेंजव्हिल, स्टिलवॉटर, बेंटन ही छोटी गावं. वाळलेला मका, लाल रंगाची खळ्यांची घरं, रस्त्याकडेला भोपळे मांडलेले, आणि पैसे टाकायला नुसता डबा. विकणारा कुणी नाही. या कोलंबिया काउंटीत छपराचे जुने लाकडी पूल बरेच टिकून आहेत. जळाऊ लाकूडही आम्ही अशाच एका डब्यात पैसे टाकून घेतलं. घरून लाकडं आणायला इथे मनाई आहे, कारण लाकडातून किडी एका जंगलातून दुसऱ्यात जातात. जिथे जाळायचं तिथलंच घ्यायचं.

रेड रॉक नावाच्या कोपऱ्यानंतर मात्र रस्ता एकदम उभा होतो. ट्रेलरवाल्यांनी या बाजूने येऊ नये, उत्तरेकडून डशोरवरून यावं अशी सूचनाच आहे. अण्णा मागच्या सीटवरून "सेकंड टाक, सेकंड टाक" म्हणत होते. गाडी ऑटोमॅटिक होती.

वर पोचलं की एकदम सपाटी. मधोमध लेक जीन, २४५ एकरांचा तलाव. आमची केबिन त्याच्या जवळच. लाकडी, दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, गरम पाणी, आणि बाहेर शेकोटीसाठी लोखंडी कडं. सामान टाकलं, दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली आणि तीनच्या सुमाराला ग्रँड व्ह्यू ट्रेलला गेलो. पाय मोकळे करायला ही वाट उत्तम. १.९ मैलांचा फेरा, चढ सौम्य, आणि माथ्यावर वणव्यावर नजर ठेवायचा पोलादी टॉवर. उंची २,४४९ फूट. हा रेड रॉक डोंगराचा सगळ्यात उंच भाग. जूनमध्ये आलात तर या वाटेवर माउंटन लॉरेल फुललेलं असतं आणि जुलैत रानटी ब्लूबेरी मिळतात. आम्हाला मिळाले रंग. मेपल लाल, बर्च पिवळे, ओक अजून हिरवट-तपकिरी. फोटोत ते सगळं एकसारखं नारिंगी येतं, म्हणून मी दोन-तीन फोटोंनंतर मोबाइल खिशात टाकला.

एक सूचना. पार्कचा बराचसा भाग शिकारीला खुला असतो आणि ऑक्टोबरात हरणांवर धनुष्यबाणाचा मोसम सुरू झालेला असतो. म्हणून लांबच्या वाटांवर भडक केशरी जॅकेट किंवा टोपी घालावी. आमची ईरा (वय अकरा) ते जॅकेट घालायला तयार नव्हती, कारण ते शाळेतल्या क्रॉसिंग गार्डसारखं दिसतं. आजोबांनी स्वतः घातल्यावर मुकाट्याने घातलं.

माथ्याजवळच्या मोकळ्या जागेतून दूरवर रानच रान दिसत होतं. अण्णा वाटेवरच्या खोडांना हात लावून बघत आले होते. म्हणाले, "स्मिता, ही झाडं सगळी एका वयाची वाटतात. दीड वीत, दोन वीत, बस्स. म्हातारं झाड एक दिसलं नाही मला. लागवड केलीय का?"

लागवड नाही, पण प्रश्न अगदी बरोबर होता. हे सगळं डोंगरपठार एकेकाळी तोडून साफ केलेलं आहे. इथला जमीनमालक होता रॉबर्ट ब्रूस रिकेट्स. जन्म १८३९ चा, खालच्या ऑरेंजव्हिलचाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाला, १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत ईस्ट सिमेट्री हिलवर त्याची तोफांची तुकडी होती, आणि युद्ध संपताना तो कर्नल झाला होता. मग त्याने या भागात जमीन जमवायला सुरुवात केली आणि जमवता जमवता ८०,००० एकरांच्या वर गेला. १८९० च्या दशकात रेल्वे आली, लाकूडकापणीच्या गिरण्या आल्या, रिकेट्स नावाचं एक गावच वसलं. झाडं संपल्यावर गिरणी बंद झाली आणि गावही उठलं. आज जे जंगल आपण बघतो ते त्यानंतर आपलं आपण उगवलेलं. पार्कातल्या कित्येक वाटाही लाकूड ओढायच्या जुन्या रस्त्यांवरूनच गेल्यात. एका वाटेचं तर नावच ओल्ड बुलडोझर रोड ट्रेल आहे. नाव वाचून कुणी तिकडे जात नसावं, पण गर्दी टाळायची असेल तर वाट बरी आहे म्हणतात.

"म्हणजे ठेकेदार होता म्हणा की तुमचा कर्नल," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी मेतकूट-भात, पोह्याचे पापड, शेकोटी. पार्कात दारूला बंदी आहे, त्यामुळे शेजारच्या केबिनमधूनही आवाज नव्हता. झोपायच्या आधी सगळ्यांनी मोजे काढून घोटे, गुडघ्यामागची खळगी, केसांची मुळं नीट तपासली. इकडच्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो आणि थंडी पडायला लागली तरी त्या जागत्याच असतात. अण्णांना हा प्रकार हास्यास्पद वाटला. पण त्यांच्याच पायावर एक चढताना सापडली, तेव्हा थांबले हसायचे.

रविवार

खरं इथे यायचं ते या दिवसासाठी. फॉल्स ट्रेल.

आधी रचना सांगते, म्हणजे कुठून सुरू करायचं हे ठरवता येईल. किचन क्रीक नावाच्या ओढ्याचे दोन फाटे पठारावरून दोन वेगवेगळ्या घळींतून खाली उतरतात. एक गनोगा ग्लेन, दुसरी ग्लेन ली. दोन्ही जिथे मिळतात त्या जागेला वॉटर्स मीट म्हणतात आणि तिथून पुढे एकच प्रवाह तिसऱ्या घळीतून, म्हणजे रिकेट्स ग्लेनमधून, खाली ११८ नंबरच्या रस्त्यापर्यंत जातो. गनोगात दहा धबधबे, लीमध्ये आठ, खालच्या घळीत चार. नाव असलेले एकूण बावीस. सगळा फेरा करायचा तर ७.२ मैल, म्हणजे साडेअकरा किलोमीटर. त्यातला वरचा त्रिकोण, म्हणजे एका घळीतून उतरून दुसरीतून चढायचं आणि वर हायलँड ट्रेलने जोडून घ्यायचं, हा ३.२ मैलांचा. अठरा धबधबे यातच होतात. वयस्कर माणूस किंवा मूल बरोबर असेल तर हाच करावा.

सुरुवात लेक रोजच्या पार्किंगमधून. तिथे तलाव शोधू नका, लेक रोजचं आता नावच उरलंय. आम्ही आठच्या आत पोचलो तेव्हा जागा होती. दुपारी परतलो तेव्हा गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. आमचं ठरलेलं: गनोगाने उतरायचं, लीने चढायचं. ली जास्त उभी आहे, आणि उभ्या ओल्या दगडांवरून उतरण्यापेक्षा चढणं केव्हाही बरं.

पहिला मोहॉक, ३७ फूट. मग वनायडा आणि कयुगा, दोन्ही छोटे. पाणी दिसायच्या आधी आवाज येतो, आणि एकाचा आवाज मागे पडायच्या आत पुढच्याचा सुरू होतो. मग गनोगा फॉल्स. ९४ फूट, पार्कातला सगळ्यात उंच. वाट त्याच्या अगदी कडेने उतरते. खडकाच्या बारीक बारीक पायऱ्यांवरून पाणी पसरत, तुटत, पुन्हा एक होत खाली येतं.

अण्णा खाली उभे राहून बघत राहिले. मी वाट बघत होते की आता ठोसेघर निघणार, आणि निघालंच. "आपल्या ठोसेघरपुढे हे काहीच नाही." बरोबर आहे. उंचीच्या हिशोबाने सह्याद्रीपुढे हे धबधबे किरकोळ आहेत. पण ठोसेघर आपण बघतो ते दरीच्या अलीकडून, कठड्याला टेकून. पाणी तिकडे, माणूस इकडे. इथे अठराच्या अठरा धबधब्यांच्या बाजूने, डोक्यावरून, पायथ्याशी, हात लावता येईल इतक्या अंतरावरून वाट जाते. प्रत्येक धबधबा आधी वरून दिसतो, मग कानाशी येतो, मग वळून समोरून दिसतो. हे आपोआप होत नाही. कुणीतरी वाट तशी आखलेली आहे.

आखली ती त्याच कर्नलने. रिकेट्सचं वर पठारावर, गनोगा लेकच्या काठी हॉटेल होतं. तिथे उतरलेले पाहुणे मासे पकडायला ओढ्याने खाली उतरले आणि त्यांनी हे धबधबे पाहिले, अशी हकिगत सांगतात. १८८९ मध्ये त्याने मॅट हर्लिंजर आणि आणखी पाच माणसं कामाला लावून घळीतून पायवाट बांधायला घेतली. चारी बाजूंच्या डोंगरांवर कुऱ्हाड चालली, या तीन घळींतली झाडं मात्र त्याने तोडू दिली नाहीत. ८०,००० एकर विकायला काढणाऱ्या माणसाला एवढा एक तुकडा का ठेवावासा वाटला, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पाहुण्यांसाठी ठेवला म्हणावं तर हॉटेल त्याच्या हयातीतच बंद पडलं होतं.

डिलावेअर धबधब्याच्या खाली अण्णा बसले. दमून नव्हे. उकिडवे बसून पायऱ्या बघत होते. मग ईराला बोलावलं. "हे बघ. सिमेंट कुठे दिसतंय का? नाही. मोठा दगड खाली, त्याची शेपटी डोंगरात घुसवलीय, वरच्या पायरीचं वजन तिच्यावर. म्हणून ही हलत नाही." त्यांनी एका पायरीवर पाय देऊन जोर लावून दाखवला. "आता पुढे बघ. पायरीला किंचित ढाळ दिलाय, बाहेरच्या अंगाला. पाणी साचत नाही. आणि ही आडवी दगडांची ओळ दिसते ना, ती पाय ठेवायला नाही. वरून येणारं पाणी वाटेवरून न वाहता बाजूला काढून दिलंय." वीतभर रुंदीचा तो चर मी दोनदा ओलांडला होता आणि बघितला नव्हता. त्या घटकेपासून ईरा पायऱ्या मोजायला लागली आणि धबधब्यांकडे तिचं लक्ष राहिलं नाही. अण्णांनी त्यांच्या वितीने चढ मोजला. सगळ्या पायऱ्या सारख्या नाहीत, एखादी एकदम दीड वीत येते. "मुकादम बरा होता, पण लेव्हल लावली नव्हती," असा शेरा पडला. अर्थात सगळ्याच पायऱ्या त्या सहा माणसांच्या नाहीत. पुरात वाहून गेलेलं काम नंतर पुन्हा पुन्हा केलेलं आहे.

कठडे मात्र बहुतेक ठिकाणी नाहीतच. काही जागी वाट दोन फूट रुंद, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. त्यात ओली पानं पडलेली. इथे पडून माणसं जखमी झालेली आहेत, आणि फळ्यांवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. हिवाळ्यात तर बर्फाची कुऱ्हाड, दोर आणि बुटांना लावायचे काटे असल्याशिवाय या वाटेवर पाऊलही ठेवू देत नाहीत. मुलांना हाताशी धरा. मोबाइलला रेंज नाही, तेव्हा कुणी मागे-पुढे झालं तर भेटायची जागा आधीच ठरवा. आमची ठरली होती: वॉटर्स मीट.

मोहिकन, कोनेस्टोगा, टस्करोरा, एरी. शेवटचे दोन ४७-४७ फुटांचे. एरीपाशी ओल्या पानांत ईराला बोटाएवढा, लखलखीत केशरी रंगाचा प्राणी दिसला. सरडा वाटला, पण सरडा नव्हे. न्यूट. हा पाण्यात जन्मतो, मग काही वर्षं जमिनीवर अशा केशरी अवतारात काढतो आणि मोठा झाला की रंग बदलून कायमचा पाण्यात परत जातो. तो इतका सावकाश चालत होता की त्याने वाट ओलांडेपर्यंत मागे सात-आठ जणांची रांग लागली. कुणी घाई केली नाही.

नावांबद्दल थोडं बोलते. मोहॉक, वनायडा, कयुगा, सेनेका, टस्करोरा, आणि पलीकडच्या घळीत ऑनंडागा. इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या संघातल्या सहाही राष्ट्रांची नावं इथे धबधब्यांना आहेत. शिवाय डिलावेअर, शॉनी, ह्युरॉन. ज्या लोकांना या मुलखातून हुसकून लावलं त्यांची नावं कर्नलसाहेबांनी आपल्या बागेतल्या पाण्याला दिली. ऐकायला गोड आहेत, पण मला ती वाचताना बरं वाटत नाही. उरलेली नावं घरगुती. बायको एलिझाबेथ रेनॉल्ड्स घराण्यातली, तर तीन धबधबे रेनॉल्ड्सचे. स्वतःच्या नावाचा एक आहेच.

वॉटर्स मीटला साडेदहा झाले. इथे दगडांवर बसायला भरपूर जागा. दशम्या, गुळाची पोळी, थर्मासमधला चहा. नवरा आणि ईरा खालच्या घळीतला हॅरिसन राइट बघायला पुढे गेले. २७ फुटांचाच आहे, पण कड्यावरून सरळ एकसंध पडदा पडतो. त्यांचे फोटो बघून मला न गेल्याची चुटपूट लागली. का असा सरळ पडतो हे अण्णांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं, आणि मी नंतर पडताळून पाहिलं तर ते बरोबर निघालं. वरच्या अंगाला कठीण वालुकाश्म आहे, तिथे पाणी थराथराने, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. खालच्या अंगाला लालसर, मऊ शेल, म्हणजे चिखलाचा बनलेला खडक आहे. वरचा कठीण थर टिकतो, त्याच्या खालचा मऊ झिजून आत जातो, आणि पाणी कडेवरून सुटं पडतं. हिमयुगात सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी बर्फाच्या थरांनी आजूबाजूच्या पाण्याच्या वाटा बदलल्या, त्यामुळे या ओढ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त पाणी यायला लागलं आणि घळी एवढ्या खोल झाल्या.

ग्लेन लीची चढण मी थोडक्यात आटोपते, कारण चढताना मी फारसं बघितलंच नाही, धापा टाकत होते. लक्षात राहिला तो ओझोन, ६० फूट, खाली येताना रुंद होत जाणारा. तिथे अण्णांनी पहिल्यांदा काठीवर भार दिला. ऑनंडागानंतर वर सपाटीला लागलो आणि हायलँड ट्रेल धरली. या वाटेवर मिडवे क्रेव्हास नावाची गंमत आहे. घराएवढ्या खडकांच्या मधून एक अरुंद बोळ, त्यातून वाट जाते. दोन्ही भिंतींना नेचे आणि शेवाळ. बोळातली हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच गार होती.

गाडीपाशी पोचायला दीड वाजला. रमतगमत साडेपाच तास. तरुण मंडळी याच्या निम्म्यात करतात, करोत बापडी.

रात्री कोजागिरी. कालनिर्णयात बघूनच निघालो होतो, म्हणून चारोळी, केशर, वेलदोडे-जायफळाची पूड असं सगळं डबीत भरून आणलं होतं. केबिनच्या विजेच्या शेगडीवर दूध आटायला पाऊण तास लागला. सगळ्यांचे पाय भरून आले होते, पण तलावाच्या काठापर्यंत पेले घेऊन गेलोच. चंद्र होता, पण अर्धा वेळ ढगात. शेजारच्या केबिनमधल्या बाई कुत्र्याला फिरवत आल्या, त्यांनाही पेला दिला. त्यांनी सगळं दूध संपवलं आणि यात कोणतं चीज आहे असं विचारलं. चारोळी!

सोमवार

चेक-आउट करून पुन्हा त्या उभ्या उताराने खाली, ११८ च्या कडेला. इथे एव्हरग्रीन ट्रेल. एक मैलाचा छोटा फेरा, आणि हाताशी बावीसातला शेवटचा धबधबा, ॲडम्स. पार्किंगपासून दोन मिनिटांवर. ज्यांना बाकी काही जमणार नाही त्यांनी एवढं जरूर करावं. ॲडम्सचं पाणी कातळात खोल, गोल कुंडं कोरत एकातून दुसऱ्यात उतरतं. गर्दी मात्र सगळ्यात जास्त इथेच.

पण मी इथे आले होते झाडांसाठी. शनिवारी अण्णांना न दिसलेलं म्हातारं झाड इथे आहे. हेमलॉक आणि व्हाइट पाइन, न तोडलेली. (हा हेमलॉक सॉक्रेटिसने प्यायला तो नव्हे. ते गाजरासारखं विषारी रोप. हा सूचिपर्णी वृक्ष, पेनसिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष.) यांतली काही तीनशे वर्षांच्या पुढची आहेत. "म्हणजे शाहू महाराजांनी सातारा वसवलं त्या सुमाराचं रोप," अण्णा म्हणाले आणि खोडाला कवळ घालून बघितली. त्यांचे हात पोचले नाहीत. पलीकडून ईराने हात धरले तेव्हा जेमतेम जमलं.

वर बघितलं तर छत इतकं दाट की खाली फारसं काही उगवलेलं नाही. मऊ, तपकिरी सुयांचा थर. कालच्या घळीतही हीच झाडं होती, पण तिथे नजर पायाखाली. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो, हे खरं. तरी चालताना तो विसरायला होतो.

हेमलॉकची एक पडलेली डहाळी मी उचलून उलटी केली. सुया चपट्या, अर्धा इंचाच्या, आणि प्रत्येकीच्या खालच्या अंगाला दोन बारीक पांढऱ्या रेषा. ही हेमलॉकची ओळख. त्याच डहाळीवर, सुया जिथे काडीला चिकटतात तिथे, कापसाचे बारीक बारीक ठिपके होते. तो कापूस म्हणजे वूली ॲडेल्जिड नावाची कीड. जपानातून आलेली, मोहरीएवढीही नसते, डहाळीतला रस शोषते आणि काही वर्षांत झाड वाळवते. पूर्व अमेरिकेत हेमलॉकच्या राईच्या राई हिने गेल्यात. पार्कातल्या झाडांना औषध देतात, पण एकेका झाडाला द्यावं लागतं, आणि झाडं आहेत हजारांनी. कातडी कमवायच्या कारखान्यांना हेमलॉकची साल लागायची म्हणून एकोणिसाव्या शतकात हे झाड मुळापासून लुटलं गेलं. त्यातून कर्नलने वाचवलेली ही झाडं, आणि आता हा कापूस. मी डहाळी होती तिथेच ठेवली, हात आणि जॅकेट झटकलं.

या तुकड्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. कर्नल १९१८ मध्ये वारला. १९२० च्या दशकात वारसांनी मोठा भाग राज्याच्या वन्यजीव खात्याला विकला. १९३० च्या दशकात इथे राष्ट्रीय उद्यान करायचं घाटत होतं, तेवढ्यात महायुद्ध आलं आणि वॉशिंग्टनमधले पैसे दुसरीकडे वळले. मग राज्यानेच घळींचा भाग घेतला आणि १९४४ मध्ये स्टेट पार्क खुलं झालं. १९६९ मध्ये घळींना राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. आज एकूण १३,१९३ एकर.

परतीच्या वाटेवर ऑरेंजव्हिल पुन्हा लागलं. कर्नलचं गाव म्हणून अण्णांनी गाडी हळू करायला लावली. एक मुख्य रस्ता, दोन्हीकडे पांढरी लाकडी घरं, एका ओसरीवर भोपळ्यांची चळत. बघण्यासारखं तेवढंच. पुढे ८० ला लागेपर्यंत मोबाइलला रेंज आली होती आणि अण्णांनी पायऱ्यांचे सगळे फोटो निवृत्त इंजिनियरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, "१८८९ चे काम, सिमेंटशिवाय" अशा ओळीसकट. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा. तरी पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: "रेलिंग कुठाय?" लगेच दुसरं: "एस्टिमेट किती होतं?" वॉटर गॅपच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला होता, त्यामुळे वाद घालायला भरपूर वेळ होता. पार्सिपनी येईपर्यंत अण्णा एका बोटाने टाइप करत होते.